आखूड ट्रॅक, उंच लग

स्नोमोबाइलच्या ट्रॅकची ओळख तीन आकड्यांत सांगितली जाते : रुंदी, लांबी आणि लगची उंची. १५ × १२१ × १.२५ म्हणजे १५ इंच रुंद, पूर्ण घेर १२१ इंच आणि त्यावर सव्वा इंच उंचीचे रबरी लग, म्हणजे उंचवटे. गुलमर्गला भाड्याने मिळणारी स्नोमोबाइल चालवताना मराठी पर्यटकाचे लक्ष पुढच्या दोन स्कींकडे जाते. पण बर्फ मागे ढकलून वाहन पुढे नेतो तो सीटखालचा हा पट्टा. त्याच्या रबरात कापडाचे थर असतात, आडव्या दिशेने फायबरग्लासच्या कांड्या असतात आणि बाहेरच्या बाजूला ओळीने लग उभे असतात. १२० ते १२९ इंचांचे ट्रॅक आखूड समजले जातात आणि ते मुख्यतः ट्रेलसाठी, म्हणजे ग्रूमर नावाच्या यंत्राने दाबून तयार केलेल्या बर्फवाटांसाठी असतात. डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठीचे ट्रॅक १५४ इंच किंवा त्याहून लांब असतात आणि त्यांचे लग अडीच-तीन इंचांपर्यंत जातात.

क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांना बर्फावरच्या वाहनासाठी ट्रॅक आणि तो फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या रचनेचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. त्यांची छोटी, उघडी ‘स्की-डू’ १९५९ मध्ये बाजारात आली. त्यानंतर बराच काळ ट्रेलच्या मशीनवर इंचभर किंवा त्याहूनही कमी उंचीचे लग असत. पुढे सव्वा इंच हे सर्वमान्य माप झाले. जुन्या मशीनला दीड किंवा पावणेदोन इंचांचा ट्रॅक बसवावा का, हा प्रश्न त्या मशीनच्या मालकांना दर हिवाळ्यात पडतो.

लग बर्फात रुततो आणि दोन लगांमध्ये अडकलेला बर्फाचा थर मागे रेटतो. त्या थराची घट्ट राहण्याची ताकद संपली की ट्रॅक जागच्या जागी फिरू लागतो. रात्री ग्रूमरने दाबलेली वाट सकाळपर्यंत गोठून कडक होते. तिच्यात सव्वा इंचाचा लगसुद्धा पूर्ण रुतत नाही, त्यामुळे जास्तीची उंची तिथे वाया जाते. दुपारनंतर शेकडो मशिनी जाऊन तीच वाट रवाळ आणि मोकळी होते, वळणांवर बर्फाचे ढीग साचतात. त्या वेळी किंवा वसंतातल्या पाणथळ बर्फात उंच लगचा फरक पहिल्या चढावरच कळतो. भातखाचरात चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लावलेली लोखंडी केज व्हील चिखलात उत्तम चालतात आणि डांबरी रस्त्यावर घातक ठरतात. उंच लगचेही तसेच आहे.

आखूड ट्रॅकच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. लग वाढवले की मशीन खोल बर्फात तरंगेल, असे अनेकांना वाटते. तरंगणे अवलंबून असते ते बर्फावर टेकलेल्या क्षेत्रफळावर, म्हणजे ट्रॅकच्या लांबी-रुंदीवर. लगमुळे मिळते ती पकड. १२१ इंचांच्या ट्रॅकला दोन इंचांचे लग लावून कमरेएवढ्या बर्फात थ्रॉटल दाबला, तर मशीन पुढे जाण्याऐवजी स्वतःखालीच खड्डा खणते. ज्याला ट्रेल सोडून रानात शिरायचे आहे, त्याने १३७ किंवा १४४ इंचांच्या मशीनचा विचार करणे हेच योग्य. आखूड मशीनवर उंच लग बसवण्याचे खरे कारण एकच : वाट आहे, पण ती बहुतेक वेळा मऊ, ताज्या बर्फाने भरलेली किंवा क्वचितच ग्रूम होणारी आहे.

या पकडीची किंमत मोजावी लागते. उंच लगचा ट्रॅक जड असतो, तो फिरवायला जास्त ताकद लागते आणि कमाल वेग घटतो. कडक वाटेवर वेगात जाताना प्रत्येक लग टेकतो, वाकतो, पुन्हा सरळ होतो. या सततच्या वाकण्याने रबर तापते. असा वापरलेला ट्रॅक जवळून पाहिला तर लगच्या बुंध्याशी बारीक आडव्या चिरा दिसतात, काही लगांचे कोपरे तुटलेले असतात, तर कुठे फायबरग्लासच्या कांडीचे टोक कडेतून बाहेर डोकावते. ट्रॅकच्या आतल्या पोलादी क्लिपा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतात, त्यांना चालक हायफॅक्स म्हणतात. त्यांना वंगण आणि गारवा मिळतो तो फक्त उडणाऱ्या बर्फातून. उघड्या निसरड्या बर्फावर किंवा दगडासारख्या कडक वाटेवर मोकळा बर्फच नसतो; मग हायफॅक्स वितळून क्लिपांवर काळे डाग पडतात आणि पाण्याने थंड होणारे इंजिनही तापू लागते. कडक वाटेवर बर्फ खरवडून उडवणारे स्क्रॅचर लावणे म्हणूनच गरजेचे.

खरेदीआधी करायचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे जागा मोजणे. ट्रॅक ज्या ॲल्युमिनियमच्या टनेलमध्ये फिरतो, तिथे पुढच्या बाजूला दातेरी चाकांच्या अगदी समोर बहुधा इंजिनाचे पाणी थंड करणारा कूलर असतो. सध्याच्या लगच्या टोकापासून कूलर, टनेलचे छत आणि बोल्टची डोकी यांपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मोजावे. सस्पेन्शन पूर्ण दाबले गेल्यावर हे अंतर आणखी कमी होते, वेगात ट्रॅक बाहेरच्या बाजूला फुगतो आणि लगांमध्ये गोठलेला बर्फही थोडी जागा खातो. म्हणून नवा लग बसल्यावर अर्धा इंच तरी मोकळा राहावा, असा हिशेब धरणे सुरक्षित. सव्वावरून दीड इंचावर जाताना पाव इंच जातो, पावणेदोनवर जाताना पूर्ण अर्धा. टनेलमध्ये जुन्या स्टडसाठी (ट्रॅकवरच्या धातूच्या टोकदार खिळ्यांसाठी) बसवलेल्या संरक्षक पट्ट्या असतील तर त्या काढल्याने थोडी जागा मिळते.

जागा कमी पडली तर लहान दातेरी चाके बसवता येतात. २.५२ इंच पिचच्या ट्रॅकवर नऊ दातांच्या चाकाचा घेर २२.६८ इंच, आठ दातांच्या चाकाचा २०.१६ इंच. त्रिज्येत सुमारे ०.४ इंच, म्हणजे १० मिलिमीटर जागा सुटते. मात्र दर फेऱ्यात ट्रॅक सुमारे ११ टक्के कमी सरकतो आणि त्याला जास्त तीव्र वळण घ्यावे लागते. पिच म्हणजे ट्रॅकवरच्या एका खिडकीपासून, म्हणजे भोकापासून, पुढच्या खिडकीपर्यंतचे अंतर. २.५२ बरोबरच २.८६ आणि ३ इंच पिचचे ट्रॅकही प्रचलित आहेत. चाके त्याच पिचची नसली तर ट्रॅक फिरूच शकत नाही. जुन्या ट्रॅकच्या खिडक्या मोजून खात्री करणे सोपे : २.५२ पिचच्या १२१ इंची ट्रॅकला ४८ खिडक्या असतात.

लग वाढले की क्लचवरचा भार वाढतो आणि इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. चेनकेसमध्ये, म्हणजे ट्रॅकची चाके फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीत, वरचे स्प्रॉकेट एक-दोन दातांनी लहान करणे किंवा क्लचची वजने हलकी करणे हे त्यावरचे उपाय. ट्रॅकची चाकेच लहान केली असतील, तर गिअर आपोआप खाली येतो, मग चेनकेसला हात लावण्याची गरज कमी पडते.

मागची पकड वाढली की मशीन वळणात सरळ ढकलले जाते, कारण स्कींची पकड तेवढीच राहिलेली असते. त्यामुळे स्कीखालचे कार्बाइड रनर अधिक धारदार घ्यावे लागतात. निसरड्या बर्फासाठी स्टड हवे असतील तर प्रश्न अवघड होतो : स्टडचे टोक लगच्या वर आले पाहिजे आणि उंच लगला लागणारा लांब स्टड ट्रॅकमधून उपटून निघू शकतो. क्वेबेकमधल्या कॅमसो या कंपनीने, जी २०१८ मध्ये मिशलँने विकत घेतली, लगच्या टोकातच छोटे स्टड बसवलेले ट्रॅक बनवले. सव्वा इंचाचा ‘आइस रिपर एक्सटी’ आणि १.६ इंचाचा ‘आइस कोब्रा’ हे त्यांपैकी दोन. मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर धातूच्या स्टडना सर्वसाधारणपणे मनाई आहे, तेव्हा आपल्या भागातला नियम आधी पाहावा.

रोज ग्रूम होणाऱ्या वाटांवर आणि गोठलेल्या तलावांवरून जाणाऱ्यासाठी सव्वा इंचच उत्तम. ताज्या बर्फाच्या आणि अर्धवट ग्रूम होणाऱ्या प्रदेशात १.३५ ते दीड इंच हा आखूड ट्रॅकचा सर्वांत समतोल टप्पा. पावणेदोन इंच घ्यावा तो बहुतांश फिरणे मऊ बर्फात असेल आणि जागेचा हिशेब पुरेपूर जमत असेल तरच. दोन इंचांचा ट्रॅक या मशिनींवर बसवू नये.

बसवताना कप असलेल्या लगची दिशा बरोबर आहे ना, हे पाहावे आणि मशीनच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या वजनाने ट्रॅक किती खाली ओढला जातो ते मोजून ताण ठरवावा. नवा ट्रॅक पहिल्या काही तासांत ताणला जातो, म्हणून पहिल्या फेरीनंतर ताण आणि मागच्या चाकांशी असलेली सरळ रेषा पुन्हा तपासावी, आणि टनेलच्या छतावर लग घासल्याच्या खुणा आहेत का, हे टॉर्च लावून पाहावे.