दगड विरघळल्यावर उरलेला दात

दात सरळ करण्यासाठी तारा बसवायच्या असल्या की जागा करायला बऱ्याचदा उपदाढा काढाव्या लागतात. किडलेल्या नव्हेत, चांगल्या धडधाकट. दंतमहाविद्यालयात त्या फेकून देत नाहीत. फॉर्मॅलिनच्या बाटलीत बुडून त्या आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि तिथून पुढचे काम आमचे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा काप पाच-सहा मायक्रॉन जाडीचा हवा. मायक्रोटोमच्या पात्याने इतका पातळ काप फक्त मऊ वस्तूचाच निघतो, म्हणून आधी दातातले सगळे कॅल्शियम काढून टाकायचे. याला आम्ही नुसते ‘डीकॅल’ म्हणतो.

काचेच्या बीकरमध्ये पाच टक्के नायट्रिक आम्ल घ्यायचे आणि दात दोऱ्याला बांधून त्यात मधोमध लोंबता ठेवायचा. तळाला टेकला तर त्या बाजूला आम्ल नीट पोचत नाही. थोड्याच वेळात दातावर बारीक बुडबुडे धरू लागतात. दाताचे खनिज म्हणजे निव्वळ कॅल्शियम फॉस्फेट नव्हे. त्यात थोडे कार्बोनेटही असते आणि आम्ल लागले की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. आम्ल रोज बदलायचे. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, सगळ्यात आधी खचते. वजनाने ते ९६ टक्के खनिज आणि त्यात कोलेजन हे धाग्यांचे प्रथिन मुळीच नाही, त्यामुळे खनिज गेले की आकार धरून ठेवणारे काही उरतच नाही. तयार स्लाइडवर एनॅमलच्या जागी पोकळी दिसते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटते, काप फाटला.

कॅल्शियम संपले हे ओळखायची पद्धत जुनी आहे आणि मला फार आवडते. बीकरमधले वापरलेले आम्ल थोडे परीक्षानळीत घ्यायचे, लिटमस निळा होईपर्यंत त्यात थेंब थेंब अमोनिया सोडायचा आणि मग अमोनियम ऑक्झलेटचे संपृक्त द्रावण घालायचे. नळी पांढुरकी गढुळली तर ते कॅल्शियम ऑक्झलेट, म्हणजे दातातून कॅल्शियम अजून सुटते आहे. द्रावण नितळ राहिले की दात बाहेर काढायचा, लगेच. आम्लात जास्त राहिला तर पेशींची केंद्रके रंग धरत नाहीत आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

धुऊन काढलेला तो दात मी मुलांच्या हातात देते. मुळाचे टोक दोन बोटांत धरून दाबले की दात खोडरबरासारखा वाकतो आणि सोडला की पुन्हा सरळ होतो. “मॅडम, हा तर वाकतोय!” हे प्रत्येक तुकडीत कुणीतरी म्हणतेच. मुळाचा निमुळतेपणा, आतली पोकळी, सगळे जसेच्या तसे असते. दाताचा मुख्य भाग असलेल्या डेंटीनचे सुमारे ७० टक्के वजन खनिजाचे, १० टक्के पाण्याचे. उरलेले २० टक्के सेंद्रिय द्रव्य, आणि त्यातले जवळपास नव्वद टक्के कोलेजन. हाताला लागते आहे ते हेच. आपण दाताला दगड समजतो, पण दाताचे अंग या धाग्यांचे आहे. खनिज त्यांच्या आत आणि अवतीभवती भरलेले असते.

या धाग्याची घडण शोधण्यात मद्रासचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची क्ष-किरण चित्रे अभ्यासली आणि १९५४-५५ मध्ये तीन साखळ्यांच्या पिळाची रचना मांडली. प्रत्येक साखळीत हजारेक अमिनो आम्ले, आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसिन. पिळाच्या आतल्या बाजूला इतकी कमी जागा असते की सर्वांत लहान असलेल्या ग्लायसिनशिवाय तिथे दुसरे काही मावत नाही. असा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो.

आता साखर. दातांच्या बाबतीत साखरेचे नाव निघते ते किडीपुरतेच, आणि याची मला खंत वाटते. कोलेजनची साखळी पेशीत तयार होत असतानाच तिच्यातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या काही जागांवर आधी हायड्रॉक्सिल गट चढतो, त्यावर गॅलॅक्टोज आणि कित्येकदा त्यावरही एक ग्लुकोज. हे तीन साखळ्यांचा पीळ बसण्याआधीच व्हावे लागते. पीळ बसला की विकरांना तिथे हात घालता येत नाही. धाग्यांच्या बाहेर डेकोरिन आणि बायग्लायकन ही प्रथिने असतात. त्यांच्यावरच्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटसारख्या लांब शर्करासाखळ्या ऋणभारित असल्याने पाणी धरून ठेवतात.

या साखळ्या पाहायच्या तर नायट्रिक आम्लाचा धसमुसळेपणा चालत नाही. तेव्हा उदासीन ईडीटीए वापरायचे. ते कॅल्शियम हळूहळू ओढून घेते, कित्येक आठवडे लावते, पण शर्करा शाबूत ठेवते. मग कापावर टोल्युइडीन ब्लू. रंग निळा, पण ऋणभार दाटीने असलेल्या जागी त्याचे रेणू एकमेकांना चिकटून रचले जातात आणि छटा जांभळी होते. डेंटीन आणि आतल्या पोकळीतला मऊ पल्प यांच्या मध्ये प्रीडेंटीनचा, म्हणजे अजून खनिज न भरलेल्या डेंटीनचा, अरुंद पट्टा असतो. तिथे ही जांभळी छटा शोधायची. काप अल्कोहोलमधून नेला तर ती उडू शकते, म्हणून मी आधी पाण्यातच पाहून घेते.

दात आणि जबडा यांच्यामधला अस्थिबंध जेमतेम पाव मिलिमीटर रुंद, तोही कोलेजनचाच. तिथले कोलेजन सतत मोडते आणि नव्याने बनते, शरीरातल्या बहुतेक ऊतींपेक्षा कितीतरी वेगाने. साखळीतल्या प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल चढवणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर पीळ शरीराच्या तापमानालाच उसवतो. जुने मोडत राहते, नवे टिकत नाही, आणि क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या स्कर्व्हीत चांगले दात हलू लागतात.

बीकरमध्ये आम्ही मुद्दाम करतो तेच कीड तोंडात करते. जीवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, आम्ल खनिज विरघळवते आणि कोलेजन उघडे पडते. मग ते तोडणारी विकरे कामाला लागतात. त्यातली काही लाळेतून येतात, तर काही डेंटीनमध्ये आधीपासूनच असतात. म्हणून किडलेला दात साफ करताना सगळे मऊ डेंटीन सरसकट खरवडायचे नसते, हे मी मुलांना या वाकणाऱ्या दातावरच शिकवते. वरचा पिचपिचीत थर, जिथे धागेच तुटले आहेत, तो एक्स्कॅव्हेटर या हत्याराने काढायचा. त्याखालचा चामट थर, पल्पच्या जवळ असेल तर, ठेवायचा. तिथे खनिज कमी झाले असले तरी कोलेजन शाबूत असते. वरून दात घट्ट बंद केला आणि आम्ल थांबले, तर त्याच धाग्यांवर खनिज पुन्हा बसू शकते.