मोटारीचा दातेरी पट्टा केव्हां बदलावा?

'आहे' आणि 'असावा' या दोन रूपांतील भेद व्याकरणाच्या तासाला आपण सर्वच शिकतों. परंतु त्या भेदाची खरी किंमत आम्हांस वर्गांत कळली नाहीं. ती कळली कुंभार्ली घाटांत.

आमच्या घरीं एक वापरलेली मोटार विकत घेण्याचें ठरलें. व्यवहाराच्या वेळीं वडिलांनीं विचारलें, "हिचा टायमिंग बेल्ट बदललेला आहे काय?" विकणारे गृहस्थ सरळ स्वभावाचे होते. ते म्हणाले, "बदललेला असावा." तेवढ्यावर आमचें समाधान झालें. पुढें चौथ्या महिन्यांत चिपळूणहून कऱ्हाडकडे घाट चढत असतांना इंजिन एकाएकीं बंद पडलें. धूर नाहीं, खडखडाट नाहीं, कसलीही पूर्वसूचना नाहीं. सुकाणूचें चाक जड झालें, ब्रेकला दुप्पट जोर लागूं लागला, आणि वडिलांनीं गाडी कशीबशी कडेला घेतली. गॅरेजांत इंजिनाचें झांकण काढल्यावर तुटलेला पट्टा हातीं आला आणि त्यामागोमाग वांकलेल्या झडपा. वेळेवर पट्टा बदलला असता तर जो खर्च आला असता त्याच्या कित्येक पट रक्कम दुरुस्तीस लागली. ताईच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठीं आईनें बाजूस ठेवलेले पैसे त्यांत गेले.

अशी वेळ आमच्या वाचकांवर येऊं नये, म्हणून हा पट्टा काय करतो, तो कां तुटतो, आणि जुन्या मोटारीच्या बाबतींत तो केव्हां बदलावा, हें आम्ही येथें यथामति सांगतों.

निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें. आजचीं पेट्रोलचीं इंजिनें त्याच तत्त्वावर चालतात. सिलिंडरांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालींवर होत असतो. प्रथम हवा व इंधन आंत घेणें, मग तें दाबणें, नंतर ठिणगीनें पेटविणें आणि शेवटीं जळका वायु बाहेर टाकणें, असे हे चार टप्पे होत. हवा आंत येण्यास एक झडप आणि धूर बाहेर जाण्यास दुसरी, अशा कमींत कमी दोन झडपा प्रत्येक सिलिंडरास असतात. दट्ट्यांच्या हालचालीनें खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. झडपा उघडण्याचें काम वरचा कॅमशाफ्ट करतो. चार टप्पे पुरे होईपर्यंत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक झडप मात्र एकदांच उघडावयाची असते. म्हणून कॅमशाफ्टनें बरोबर निम्म्या वेगानें फिरलें पाहिजे. या दोहोंची सांगड घालणारा जो दातेरी रबरी पट्टा, तोच टायमिंग बेल्ट. वरच्या चाकास खालच्या चाकाच्या दुप्पट दांते ठेवले कीं वेग आपोआप निम्मा होतो, हें गणित विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच.

पूर्वीं हें काम दंतचक्रें किंवा लोखंडी सांखळी करीत असे. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या मोटारींत दातेरी पट्टा प्रथम आला तो १९६२ सालीं, जर्मनींतील ग्लास १००४ या गाडींत. पट्टा हलका, स्वस्त व कमी आवाजाचा. त्यास वंगणही लागत नाहीं. त्यामुळें त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांच्या इंजिनांत असाच पट्टा असे.

आतां पट्टा तुटला तर काय होतें तें पाहूं. क्रँकशाफ्ट आपल्या वेगाच्या भरांत क्षणभर फिरतच राहतो. कॅमशाफ्ट मात्र जागच्या जागीं थांबतो. त्या क्षणीं कांहीं झडपा उघड्याच राहिलेल्या असतात. ज्या इंजिनांत दट्ट्या व उघडी झडप यांमध्यें पुरेसें अंतर ठेवलेलें असतें, तें नुसतें बंद पडतें. नवा पट्टा घातला कीं काम भागतें. परंतु पुष्कळ इंजिनांत तेवढी मोकळी जागा नसते. तेथें वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो. झडप वांकते, आणि कधीं कधीं दट्ट्याही फुटतो. डिझेलच्या इंजिनांत तर ही टक्कर जवळजवळ ठरलेलीच. आपलें इंजिन कोणत्या जातीचें आहे, हें गाडी घेण्यापूर्वींच जाणत्या मेकॅनिकास विचारून घ्यावें.

पट्ट्याचें आयुष्य दोन मापांनीं मोजतात. एक अंतराचें, दुसरें काळाचें. ताशी ६० किलोमीटर वेगानें जातांना लहान मोटारीचा क्रँकशाफ्ट मिनिटास २,५०० फेरे घेतो असें धरूं. म्हणजे दर किलोमीटरास २,५०० फेरे झाले. एक लाख किलोमीटरांत हे फेरे पंचवीस कोटी होतात! इतक्या वेळां वांकून सरळ होणारा रबराचा तुकडा कायमचा टिकेल, अशी अपेक्षा कोणी करूं नये. आणि गाडी उभी राहिली म्हणून रबर तरुण राहतें असेंही नाहीं. उष्णतेनें व नुसत्या वयानेंही तें आपली लवचीकता गमावतें. याच कारणास्तव गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकांत बहुधा 'इतके किलोमीटर किंवा इतकीं वर्षें, यांपैकीं जें आधीं होईल तें' असें लिहिलेलें असतें. हे आंकडे इंजिनागणिक निराळे असतात; सामान्यतः ६०,००० ते १,६०,००० किलोमीटर आणि पांच ते दहा वर्षें यांच्या दरम्यान ते सांपडतात. शेजाऱ्याच्या गाडीचा आंकडा आपल्या गाडीस लावूं नये.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. 'पट्टा पाहिला, चांगला दिसतो, अजून चालेल,' असें पुष्कळदां ऐकूं येतें. पट्ट्यास भेगा असतील, दांते झिजले असतील, कडा विसकटल्या असतील, किंवा त्यावर तेल अथवा रेडिएटरचें पाणी गळलें असेल, तर तो तत्काळ बदलावा, हें उघडच आहे. परंतु याच्या उलट अनुमान काढतां येत नाहीं. जुन्या काळच्या पट्ट्यांचें रबर म्हातारपणीं तडकत असे. अलीकडील सुधारलेलें रबर अखेरपर्यंत गुळगुळीत दिसूं शकतें, आणि जोर सहन करणारे कांचतंतूंचे दोरे तर त्याच्या पोटांत लपलेले असतात. तेव्हां डोळ्यांनीं पट्टा वाईट ठरवितां येतो. चांगला ठरवितां येत नाहीं.

मग निर्णय कशावरून करावा? आमचें उत्तर एकच: कागदावरून. जुनी मोटार घेतांना तीन प्रसंग संभवतात. पहिला, पट्टा बदलल्याचें गॅरेजचें बिल आहे व त्यावर तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर स्पष्ट आहेत. अशा वेळीं त्या तारखेपासून व त्या आंकड्यापासून पुढची मुदत मोजावी. दुसरा, बिल नाहीं, परंतु बॉनेटखालीं मेकॅनिकानें चिकटविलेली चिठ्ठी आहे, किंवा गाडीची नोंद ठेवणाऱ्या कार्यशाळेंत क्रमांकावरून माहिती मिळते. तीही ताडून पाहून ग्राह्य धरावी. तिसरा प्रसंग सर्वांत नेहमींचा: कांहींच नोंद नाहीं, केवळ 'असावा' आहे. तेथें पट्टा बदललेला नाहीं असेंच समजावें. गाडीच्या जन्मापासून वर्षें मोजावीं, आणि मुदत उलटली असल्यास लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं पट्टा बदलून घ्यावा.

उदाहरणार्थ, एखादी मोटार २०१२ सालीं तयार झाली व २०२२ सालीं ४८,००० किलोमीटरांवर विकावयास आली. पुस्तकांत एक लाख किलोमीटर किंवा सात वर्षें अशी मर्यादा आहे. अंतर पाहणारा म्हणेल, "अजून अर्धें आयुष्य बाकी आहे." वर्षें पाहणारा म्हणेल, "मुदत तीन वर्षांपूर्वींच संपली." दुसऱ्याचें म्हणणें खरें. शिवाय किलोमीटरचा आंकडा मागें फिरविलेला असूं शकतो, आर. सी. पुस्तकांतील निर्मितीचा महिना व साल मात्र फिरत नाहीं.

पट्टा बदलावयाचा तर त्यास ताण देणारी टेन्शनरची पुली व इतर फिरत्या पुल्याही त्याच वेळीं बदलाव्या. पुष्कळ इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. तोही त्याच वेळीं बदललेला बरा. कारण खर्चाचा मोठा भाग वस्तूंचा नसून इंजिनाचा पुढील भाग उघडण्याच्या मजुरीचा असतो, आणि जुनी पुली अडकली कीं नवा पट्टाही जातो. पट्टा बसविल्यावर खुणा जुळवून इंजिन प्रथम हातानें दोन फेरे फिरवून पाहतात व मगच सुरू करतात. हें काम घरीं करून पाहण्याचें नव्हे. एक दांता चुकला तरी झडपांची वेळ बिघडते.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक मोटारीस पट्टा असतोच असें नाहीं. जुन्या वॅगन आर गाडीस पट्टा होता, तर २०१० सालच्या नव्या रूपांत सांखळी आली. सांखळी पुष्कळ टिकते, मात्र इंजिनांतील तेल वेळेवर बदललें पाहिजे. कांहीं अलीकडील इंजिनांत तर पट्टाच तेलांत बुडून फिरतो. तेथें नेमून दिलेल्या जातीचेंच तेल घालावें, नाहींतर पट्ट्याचें रबर सुटून त्याचे कण तेलाच्या पंपाची चाळणी बुजवितात. म्हणून गाडीच्या नांवावर न जातां तिच्या इंजिनाची चौकशी करावी.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, गाडीची किंमत ठरवितांना हा खर्च आधींच हिशोबांत धरावा, आणि नोंद नसल्यास तेवढी रक्कम किंमतींतून कमी करून मागावी. विकणाऱ्यासही त्यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, घरीं जुनी मोटार पाहण्यास जाण्याचा बेत ठरला तर तुम्हीही बरोबर जा. पट्टा कधीं बदलला आणि त्याचा कागद कोठें आहे, हे दोन प्रश्न वडीलमाणसांच्या परवानगीनें नम्रपणें विचारा. आमच्या घरांतील गाडीच्या बॉनेटखालीं आतां एक चिठ्ठी आहे. तींत तारीख, किलोमीटर आणि पुढच्या बदलाचें साल ताईनें स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेविलें आहे.