एकटीला न म्हणता येणारी गाणी

कोजागिरी नुकतीच झाली. वरोरा-भद्रावतीकडच्या कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात या रात्री भुलाबाईला निरोप देतात. भाद्रपद पौर्णिमेला घरात बसलेली मातीची भुलाबाई महिनाभर गल्लीतल्या पोरींची गाणी ऐकते, खिरापती चाखते आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या खोपीतून सासरी जाते. ही गाणी मी वीस वर्षांपासून वहीत उतरवून घेते आहे. हा लेख मात्र इंग्लंडमधल्या मुलींच्या पॉप गटांवर आहे. त्याला कारण ठरले एका परिचारिकेचे बोलणे.

ती गडचिरोली जिल्ह्यात नोकरीला आहे. वय चाळिशीचे. बालपण चंद्रपूरला, नाल्यापलीकडच्या वस्तीत गेलेले. भुलाबाईची गाणी विचारायला मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती हसली. म्हणाली, "तुमच्या भुलाबाईत आमाले कोनी बोलवे नाही, ताई. कुंपनाच्या भायेरून आयकत होतो. टीव्हीतल्या पोरीयनं काही जात इचारली नाही."

टीव्हीतल्या पोरी म्हणजे स्पाइस गर्ल्स. केबल आली तेव्हा एका मैत्रिणीच्या घरी त्यांचे गाणे लागे. नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात या पाच मैत्रिणींनी त्यावर नाच केला. इंग्रजी एकीलाही येत नव्हते. पण कोणी कोणती व्हायचे यावर आठ दिवस भांडण चालले होते. शेवटी पी.टी.ची पँट घालून ही त्यातली खेळाडू झाली. पंचवीस वर्षांनंतरही ते सांगताना ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

माझे इंग्रजी शाळेपुरते. असल्या गाण्यांकडे मी तोवर 'पाश्चात्त्य थिल्लरपणा' एवढ्याच नजरेने पाहत आले होते. घरी आल्यावर मात्र वाटले, ज्या गाण्याचा एक शब्दही कळत नव्हता, त्यात त्या पाच पोरींना काय सापडले असेल? मग मी शोधत गेले.

गट कसा उभा राहतो

मार्च १९९४ मध्ये 'द स्टेज' या रंगभूमीविषयक नियतकालिकात एक जाहिरात आली. गाता-नाचता येणाऱ्या, धीट तरुणी हव्या होत्या. जाहिरात देणारे होते बॉब आणि क्रिस हर्बर्ट हे बापलेक. तेव्हा इंग्लंडात 'टेक दॅट'सारख्या तरुणांच्या गटांची चलती होती. मुलींचा गटही तितकाच खपेल, असा त्यांचा हिशेब. सुमारे चारशे जणी आल्या. निवडलेल्या पाचजणींना मेडनहेड येथील एका घरात एकत्र ठेवून तालीम दिली गेली. मधे एक बदलली आणि मेलानी ब्राउन, मेलानी चिशोम, एमा बंटन, जेरी हॅलिवेल आणि व्हिक्टोरिया अॅडम्स हा संच पक्का झाला.

इथवर ही गोष्ट माल तयार करण्याचीच आहे. पण १९९५ मध्ये या पाचजणी हर्बर्ट बापलेकांना सोडून निघाल्या आणि सायमन फुलर या व्यवस्थापकाकडे गेल्या. व्हर्जिन कंपनीशी करार झाला. 'वॉनाबी' हे गाणे पहिले काढायला कंपनी फारशी राजी नव्हती. मुली अडून बसल्या. जुलै १९९६ मध्ये ते आले आणि ब्रिटनच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या गाण्याचा आशय दोन शब्दांत सांगता येतो: मैत्रिणी आधी, प्रियकर नंतर. माझ्याशी नाते हवे तर माझ्या मैत्रिणींशी जमवून घे, अशी अट घालणारी ती मुलगी आहे.

आकर्षण कशाचे

या गटांतल्या मुली एकापेक्षा एक थोर गायिका होत्या म्हणून लोकप्रिय झाल्या, असे नाही. त्याआधीचा, १९८०च्या सुमारास लंडनमध्ये जमलेला 'बनानारामा' हा गट पाहा. सारा डॅलिन आणि किरेन वुडवर्ड या ब्रिस्टलच्या बालमैत्रिणी, तिसरी शिवॉन फाही. त्या तिघी बहुधा एकाच सुरात, एकाच ओळीवर गात. वरचा-खालचा सूर लावून आवाजांची गुंफण करणे हा त्यांचा बाज नव्हता. पुष्कळांनी हे उणेपण मानले. पण ऐकणाऱ्या मुलीच्या बाजूने विचार करा. जे तिघी एका सुरात गातात, त्यात चौथीला मिसळता येते. तिचा आवाज बेताचा असला तरी खपतो.

हे मला ओळखीचे होते. भुलाबाईच्या गाण्यातही सगळ्या एकाच चालीत, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गातात. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांतल्या रेला नाचात मुली एकमेकींच्या कमरेत हात घालून रांग धरतात. काहीजणी ओळ टाकतात, बाकीच्या ती उचलतात. तिथेही कुणा एकीचा आवाज ऐकायला कोणी आलेले नसते.

दुसरी गोष्ट आडोशाची. सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासरचे एकेक अट घालून तिला लटकावतात, हे भुलाबाईच्या गाण्यांतले नेहमीचे प्रकरण. सासूला, नणंदेला नावे ठेवली जातात, नवऱ्याचीही थट्टा होते. हेच एखाद्या सुनेने चुलीपाशी एकटीने म्हटले असते तर घरात रणकंदन झाले असते. वीसजणींनी म्हटले की ते कुणा एकीचे राहत नाही. 'वॉनाबी'मधली अटही एकटीने घातली असती तर उद्धटपणा ठरला असता. पाचजणी हसत-खिदळत म्हणतात तेव्हा ती चेष्टा होते आणि चेष्टेतून सांगायचे ते सांगून होते. इंग्रजी न कळणाऱ्या नववीतल्या पोरींना एवढे मात्र दिसत होते, की या पाचजणी कुणाला घाबरत नाहीत आणि एकमेकींना सोडत नाहीत.

तिसरी गोष्ट वाटून घेतलेल्या भूमिकांची. 'टॉप ऑफ द पॉप्स' मासिकाच्या पीटर लोरेनने १९९६ मध्ये पाचजणींना टोपणनावे दिली: ऐटबाज 'पॉश', लाडकी 'बेबी', खेळाडू 'स्पोर्टी', लाल केसांची 'जिंजर' आणि भीती वाटावी अशी 'स्केअरी'. त्यामुळे प्रत्येक मुलीला 'मी कोणती?' असा खेळ मिळाला. पण भीतीदायक हे नाव गटातल्या एकमेव कृष्णवर्णीय मुलीच्या वाट्याला आले, हेही नोंदले पाहिजे. एकीच्या भाषेत बोलणाऱ्या गटातही कुणाला काय म्हणायचे, हे बाहेरचे जुने जगच ठरवत होते.

नाव कुणाचे

'गर्ल पॉवर' ही त्यांची घोषणा अमेरिकेतल्या बंडखोर रॉक गायिकांच्या वर्तुळात आधीपासून होती. स्पाइस गर्ल्सनी ती घरोघरी नेली आणि तिच्यावर पुष्कळ मालही विकला गेला. मे १९९८ मध्ये जेरी हॅलिवेल बाहेर पडली. 'शुगाबेब्स' या गटाचे तर असे झाले, की १९९८ मध्ये सुरुवात करणाऱ्या तिन्ही मुली २००९ पर्यंत एकेक करून बाहेर गेल्या आणि नाव त्यांच्याविना चालत राहिले. ते परत मिळवायला त्यांना आणखी कित्येक वर्षे लागली.

पुढे गट बनवण्याचाच कार्यक्रम झाला. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये 'पॉपस्टार्स' सुरू झाला. २००२ मध्ये त्याच साच्यातून इंग्लंडात 'गर्ल्स अलाउड' आणि आपल्याकडे चॅनेल व्हीवर 'विवा' हा गट निघाला. विवामध्ये नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, प्रतिची महापात्रा, महुआ कामत आणि सीमा रामचंदानी होत्या. पहिल्या अल्बमनंतर सीमा गेली आणि थोड्याच वर्षांत गटही संपला. या साच्यात गट तयार होतो तो इतरांना वगळत वगळत. शेकडो रडत घरी जातात तेव्हा पाच उरतात आणि मग त्यांनी सख्ख्या मैत्रिणी असल्यासारखे दिसायचे असते.

तरी या सगळ्यातून काही उरले नाही, असे म्हणवत नाही. २०२१ मध्ये 'लिटल मिक्स'ला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गटाचा ब्रिट पुरस्कार मिळाला. मुलींच्या गटाला तो पहिल्यांदाच मिळत होता. स्वीकारताना त्यांनी आपल्या आधीच्या गटांची नावे घेतली: स्पाइस गर्ल्स, शुगाबेब्स, ऑल सेंट्स, गर्ल्स अलाउड.

कुंपणाबाहेर

इथे माझा लेख सहज संपला असता. बाजाराने बनवलेली मैत्री एकीकडे, आपल्या अंगणातली खरी मैत्री दुसरीकडे. आपल्या अंगणात बेसूर पोरीलाही जागा, तिकडे चाळणी. गेली वीस वर्षे भाषणांतून मी असेच काही सांगत आले होते. त्या परिचारिकेने माझी ही मांडणी मोडली. आमच्या अंगणात चाळणी नव्हती असे नाही, ती दारातच लावलेली होती. नाल्यापलीकडच्या पोरी खिरापतीच्या वेळी कुंपणाशी उभ्या असत, हे मलाही आठवते. त्यांना आत बोलवावे असे मला कधी वाटले नाही, हेही आठवते.

त्या गटांची मालकी कंपन्यांकडे होती आणि मैत्रीही बरीचशी रंगवलेली होती. पण त्यात शिरायला कुणाच्या अंगणाची परवानगी लागत नव्हती. शेजारच्या घरचा टीव्ही आणि पी.टी.ची पँट एवढ्यावर भागत होते.

माझ्या वहीत गाणे, गाव आणि गाणारीचे वय असे तीन रकाने होते. आता चौथा आखला आहे: त्या अंगणात कोणत्या मुली येत नव्हत्या. तो भरायला मी जुन्याच बायांकडे पुन्हा जाते आहे. बऱ्याच जणींना आठवत नाही. कुंपणाबाहेरच्यांना मात्र चालीसकट सगळे आठवते.