वाळवंटात वारा खायचा नाही!

नवी मुंबईतल्या वाशीहून निघायचं, घोडबंदरमार्गे अहमदाबादचा महामार्ग धरायचा, सुरत, बडोदा, अहमदाबाद मागे टाकायचं आणि सांचोर, बाडमेर करत थेट जैसलमेर गाठायचं. हजार किलोमीटरच्या वर अंतर, एमएच ४३ ची मोटरसायकल आणि समोर थरचं वाळवंट! भन्नाट ना? गाडी अर्थात मोठी माणसंच चालवणार, कारण गिअरच्या गाडीचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. पण बेत आखायला कुठे लायसन्स लागतं? तो आपण आखू या. मोठ्यांना नुसती पेट्रोलची आणि हॉटेलची काळजी असते. आपण हवेची काळजी करू. वाळवंटात सगळे घोटाळे तीच करते.

पहिला प्रश्न कपड्यांचा. समजा मे महिना आहे आणि बाहेर ४५ अंश सेल्सिअस. थर म्हणजे काय चीज आहे ते आधी ऐका: १९ मे २०१६ ला तिथल्या फलोदी गावात पारा ५१ अंशांवर गेला होता. तर अशा उन्हात गाडीवर काय घालाल?

“बनियन आणि हाफ पँट! मस्त वारा लागेल!”

अहं. तोच वारा घात करेल.

संध्याकाळी पाम बीच रोडवर बाबांच्या मागे स्कूटरवर बसलात की वारा गार लागतो, कारण हवा असते तीस-बत्तीस अंशांची आणि आपली कातडी साधारण चौतीस-पस्तीस अंशांची. उष्णता नेहमी जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते, म्हणून वारा आपल्या अंगातली उष्णता घेऊन पळतो. बाडमेरच्या रस्त्यावर हवा ४५ अंशांची. आता जास्त गरम कोण? हवा! मग उष्णता उलटी वाहते, हवेतून आपल्या अंगात. गाडी जितकी जोरात, तितकी जास्त गरम हवा अंगावर आदळते. हेअर ड्रायर तोंडावर धरून बसल्यासारखं. म्हणून जाणते रायडर तिथे भर उन्हात जॅकेट, हातमोजे, गळ्याभोवती कापड आणि हेल्मेटची काच खाली अशा थाटात असतात. तिथले मेंढपाळही अंगभर कपडे आणि डोक्याला भलंमोठं पागोटं घालतात. उघडंबोडकं कुणी फिरत नाही.

मग गार कसं व्हायचं? घामानं. घाम वाळताना, म्हणजे त्याची वाफ होताना, ती अंगातली उष्णता घेऊन जाते. आणि ती थोडीथोडकी नाही हं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात तीस अंशांच्या आठ लिटर पाण्याला उकळी फुटेल!

इथे खरी गंमत सुरू होते. तुमचे कुणी आजी-आजोबा नागपूर-अकोल्याकडे राहत असतील तर त्यांच्याकडचा वाळ्याचा कूलर आठवा. उन्हाळ्यात खोली कशी गारेगार करतो! तोच कूलर नेरुळच्या फ्लॅटमध्ये लावा. खोली दमट होईल, गार नाही. आपल्या शेजारी खाडी आहे, समुद्र आहे. हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी पाणी वाळायला तयार नसतं. विदर्भातली उन्हाळी हवा कोरडी, थरची तर ठणठणीत कोरडी.

आकड्यांतच बघा. नवी मुंबईत हवा ३३ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. पारा सुमारे २८ पर्यंत उतरेल. थरमध्ये ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असताना तेच केलं तर पारा सुमारे २१ वर येईल. म्हणजे भट्टीसारख्या वाळवंटातलं ओलं फडकं आपल्याकडच्या ओल्या फडक्यापेक्षा गार! माठातलं पाणी तिकडे जास्त गार होतं तेही याचमुळे. म्हणून रायडर टी-शर्ट पाण्यात बुचकळून, पिळून, जॅकेटच्या आत घालतात आणि जॅकेटची चेन जराशीच उघडी ठेवतात. वारा आत शिरतो, पण बेतानं. ओला शर्ट बराच वेळ ओला राहतो आणि छाती गार राहते. (घरी करून बघायचं असेल तर खोलीचा, काचेच्या नळीचा थर्मामीटर घ्या. तापाचा नको, तो कामाचा नाही. पाऱ्याचाही नको, फुटला तर पारा विषारी. लाल द्रवाचा असतो तो घ्या.)

पण कोरड्या हवेचा एक डाव लक्षात ठेवा. घाम येतो कधी आणि वाळतो कधी, ते कळतच नाही. शर्ट कोरडा, म्हणून माणसाला वाटतं घाम आलाच नाही, आणि तो पाणी पीत नाही. डोकं दुखायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तहान लागायची वाट बघायची नाही, दर थांब्याला पाणी प्यायचं. घामाबरोबर मीठही जातं, तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. कैरीचं पन्हंही चालेल. मला विचाराल तर पन्हंच.

गाडीचं थोडक्यात सांगते. टायरमधली हवासुद्धा तापली की फुगते. सकाळी गार टायरमध्ये २९ पीएसआय हवा भरली तर दुपारी मीटर ३३ दाखवेल. ती काढून टाकायची नाही, कारण रात्री टायर गार झाला की हवा कमी पडेल. हवा नेहमी सकाळी, निघण्याआधी तपासायची. एअर फिल्टर धुळीनं तुंबतो, तो रोज काढून बघायचा. वाळूत साइड स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते, म्हणून त्याच्याखाली ठेवायला एक चपटा दगड किंवा लाकडाचा तुकडा हवा.

आता वादळ. तुम्ही म्हणाल, वाळवंटातलं वादळ आम्हाला कशाला? अहो, ते तुमच्या घरी येऊन गेलंय! २३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबई परिसरात लोकांना गाड्यांवर पांढरट भुकटी बसलेली दिसली. ती धूळ पाकिस्तानात कराचीकडे उठली होती आणि अरबी समुद्रावरून वाऱ्याबरोबर थेट इकडे आली. वाळूचे कण जड, ते जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जातात. धुळीचे कण मात्र इतके बारीक की वर चढले की शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

दुसरं वादळ १३ मे २०२४ चं. दुपारी आकाश पिवळट-तपकिरी झालं आणि धुळीचे लोट उठले. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ जण गेले. ही धूळ मात्र दूरच्या वाळवंटातून आली नव्हती, ती इथलीच होती. ती उठते कशी? तापलेली हवा वर चढते, उंच काळे ढग तयार होतात. ढगातून पाऊस सुटतो, पण खाली कोरडी हवा असेल तर थेंब वाटेतच वाळायला लागतात. वाळताना ते काय करतात? बरोब्बर, हवा गार करतात! गार हवा जड. ती धबाधबा खाली पडते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. समोरची सगळी धूळ उचलून तिची भिंत पुढे ढकलत नेते. राजस्थानात आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येते ती बऱ्याचदा अशीच. तुमचा शर्ट गार करणारी युक्तीच तिकडे ढगाखाली वादळ घडवते!

क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली तर तिच्याशी शर्यत लावायची नाही. गाडी रस्त्यापासून चांगली लांब न्यायची आणि दिवे बंद करायचे. दिवे चालू राहिले तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो रस्ताच वाटतो आणि तो तुमच्या अंगावर येतो. झाडाखाली, होर्डिंगखाली, विजेच्या तारांखाली थांबायचं नाही. जवळ धाबा असेल तर आत शिरायचं. वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा. वीज तेवढे किलोमीटर लांब. मात्र गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण तिच्या टप्प्यात आहोत, हे मोठ्यांना ठणकावून सांगा.

राहिलं वेळापत्रक. सूर्य साडेबारा-पाऊणच्या सुमारास डोक्यावर येतो, पण जमीन तापतच राहते आणि सगळ्यात जास्त उकाडा तीनच्या आसपास होतो. ढगही दुपारनंतरच चढतात, वादळं दुपारी-संध्याकाळी येतात. रात्री रस्त्यावर गाई, उंट, नीलगाई. म्हणजे उरलं काय? पहाटे उजाडल्यापासून सकाळी अकरापर्यंत. तेवढ्यात जमेल तेवढं अंतर, मग मुक्काम.

आणि महिना? आंधीचा हंगाम एप्रिल ते जून, म्हणजे नेमकी आपली उन्हाळ्याची सुट्टी! तेव्हा मे महिन्याचा हट्ट धरू नका. नाताळच्या सुट्टीत जा, स्वेटर मात्र न्या. कोरड्या हवेत रात्री वाळू झटकन थंड होते आणि जानेवारीत जैसलमेरला पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो.