आधी दिवा पाहा, मग पंपाला हात लावा

तंजावरहून तिरुवैयारूला जाणारा रस्ता सुमारे १२ किलोमीटरचा. तेवढ्यात तो वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्या ओलांडतो. प्रत्येक पुलावर चढताना-उतरताना गाडी आदळते, मधे भातखाचरांतून रस्ता सरळ जातो, आणि उन्हाळ्यात बॉनेटखाली हात लावू नये इतके तापते. जुन्या मोटारीतला लपलेला बिघाड उघडा पाडायला असाच रस्ता हवा.

मोटार धरू या मॉरिस मायनर. अॅलेक इसिगॉनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली इंग्लंडमध्ये आली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने रस्त्यावर आणली. हौशी मालकांच्या गाड्या आजही चालतात आणि त्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी चालता चालता गचके देते, बंद पडते, दहा मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी चालू होते. गॅरेजात नेली की दिवसभर गुण्यागोविंदाने चालते. मग प्लग बदलतात, कंडेन्सर बदलतात, कार्बोरेटर खोलून धुतात. मला हा खर्च वाया गेलेला वाटतो. कधीमधी होणारा बिघाड लहरी नसतो, तो विशिष्ट परिस्थितीत होतो. ती परिस्थिती गॅरेजात नसते, एवढेच.

अशा तक्रारीत आधी पेट्रोलच्या पंपाकडे पाहावे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनीत हा पंप यांत्रिक होता, इंजिनाच्या कॅमशाफ्टवरून चालणारा. त्यात विजेचा संबंधच नव्हता. मायनरमध्ये मात्र एसयू कंपनीचा विजेचा पंप बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेला असतो. चावी फिरवली की तो टिकटिक करतो आणि थोड्या वेळाने शांत होतो. त्याचे काळे बेकेलाइटचे टोपण काढले की आत टंगस्टनच्या पॉइंटची एवढीशी जोडी दिसते. पॉइंट जुळले की कॉइलमधून करंट जातो, चुंबक लोखंडी चकती ओढतो, तिला जोडलेला पडदा मागे सरतो आणि टाकीतले पेट्रोल खेचले जाते. ओढ पुरी झाली की एक खटका पॉइंट उघडतो, चुंबकत्व जाते, स्प्रिंग पडद्याला पुढे लोटते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. कार्बोरेटरची वाटी भरली की तिथली सुई वाट बंद करते, मागे दाब चढतो आणि पंप आपोआप थांबतो. चकती मध्यावर राहावी म्हणून तिच्याभोवती ११ पितळी चकत्या मांडलेल्या असतात. ही रचना मला अजूनही थक्क करते. पेट्रोल किती लागते हे पंपाला कोणी सांगावे लागत नाही.

म्हणून गाडी बंद पडताच पहिले काम कान देण्याचे. चावी चालूच ठेवा आणि ऐका. टिकटिक भराभर चालली असेल आणि पेट्रोल येत नसेल, तर वीज निर्दोष आहे. पंप हवा किंवा तापलेल्या पेट्रोलची वाफ ओढतो आहे, किंवा टाकी रिकामी आहे. टाकीचे झाकण उघडताच फुस्स आवाज येऊन पंप सुधारला, तर टाकीत हवा जाण्याचे भोक बुजले आहे. टिकटिक अजिबात नसेल तर कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडा. उघड्यावर, गरम इंजिनापासून दूर आणि विडी-सिगारेट विझवून. नळी काढताच पंप चालू झाला तर सुई अडकली आहे. तरीही गप्प असेल, तर आता विजेकडे वळा.

इथे बहुतेकजण पंपावर पान्याने टकटक करतात आणि पंप चालू होतो. निदान झाले, पॉइंट खराब, असे ठरते. पण त्या ठोक्याने पॉइंट हलतो, तसा वायरचा सैल नटही हलतो, गंजलेला अर्थही (बॉडीतून बॅटरीकडे जाणारा विजेचा जोड) हलतो. ठोक्याने पंप चालू झाला म्हणजे पुरावा पुसला गेला. कारण मात्र कळले नाही.

दुसरी फसगत मल्टिमीटरची. पंपाच्या टर्मिनलवर मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणून वायर ठीक म्हणायचे. पण चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १ कोटी ओहम असतो. तो जेमतेम एक मायक्रोअँपिअर घेतो. वाटेतल्या गंजलेल्या जोडात २ ओहम रोध असला तरी इतक्या करंटला तिथे व्होल्टेज गळत नाही. १२ व्होल्टचा, २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब त्याच जागी लावा. तो पावणेदोन अँपिअर मागतो. त्या २ ओहमांवर आता सुमारे पावणेतीन व्होल्ट गळतात आणि बल्ब उघड मंद होतो. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. तोंडाशी गाळ साचलेल्या पाटात कोणी पाणी घेत नसेल तेव्हा दोन्हीकडची पातळी सारखीच दिसते. शेतात पाणी सोडले की मगच पलीकडची पातळी खाली जाते.

तर हाच बल्ब लांब वायरींनी पंपाचे टर्मिनल आणि पंपाची बॉडी यांच्यात जोडून आत डॅशबोर्डवर आणा, आणि गाडी रस्त्यावर काढा. बंद पडली की कशालाही हात लावण्याआधी दिवा पाहा. दिवा लख्ख आणि नळी काढूनही पंप गप्प, म्हणजे दोष पंपाच्या आत, बहुधा पॉइंटचा. दिवा मंद किंवा विझलेला असेल तर दिव्याचे अर्थचे टोक बॅटरीच्या अर्थवर धरा. आता तो लख्ख पेटला तर पंपाचा अर्थ खराब. तरीही नाही पेटला, तर इग्निशन स्वीचपासून येणारी पांढरी वायर आणि तिचे जोड तपासा. वायर वरून अखंड दिसते. रबराच्या आत दोनच तारा शिल्लक असू शकतात.

सोबत वही ठेवा. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांवर जे उपचार झाले, त्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मोटारीसाठीही तेच करावे. थंड इंजिनावर की तापल्यावर, पुलाच्या आदळीवर की सपाट रस्त्यावर, पाऊस होता का, टाकी किती भरली होती. आदळीवर बंद पडली तर सैल जोड. तापल्यावरच पडत असेल तर कॉइलचाही विचार करा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. बॉनेटखाली ५० अंश चढले की कॉइलचा करंट जवळपास सहाव्या हिश्शाने घटतो. पॉइंट चांगले असतील तर हे निभते. जळलेले असतील तर चकती अर्ध्यात अडते.

पॉइंट जळण्याचे मूळ कॉइलमध्येच आहे. करंट तुटताच तिथे शेकडो व्होल्टची उसळी येते, ठिणगी उडते, आणि एका पॉइंटवर खड्डा तर दुसऱ्यावर टेंगूळ तयार होते. त्यात त्रिभुज प्रदेशाची हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सूनचा ओलावा, नागपट्टणमकडे गेलात तर खारे वारे. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या पॉइंटवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढतो.

दुरुस्ती स्वस्त आहे. पॉइंट अगदी बारीक पॉलिश पेपरने साफ करा, टेंगूळ मोठे असेल तर नवा संच घाला. पंपाच्या अर्थसाठी रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर वेगळी वायर घ्या. ठिणगी मारायला कॉइलला समांतर डायोड लावता येतो, पण मूळच्या मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला असते, हे विसरू नका. डायोडचे पट्टा असलेले टोक धन बाजूलाच हवे. उलटा लागला तर पॉइंट जुळताच सगळा करंट डायोडमधून जाईल आणि तो जळेल. आधीच्या मालकाने बॅटरी उलटी जोडून घेतली आहे का, हे डायोड लावण्यापूर्वी बॅटरीपाशी वाकून पाहा.