सौरदुर्बीण : निवड, सुरक्षा आणि नोंदी

आकाशात असंख्य तारे आहेत. तथापि ज्याच्या पृष्ठभागावरील घडामोडी लहान दुर्बिणीतूनही पाहता येतात, असा तारा एकच. तो म्हणजे सूर्य. शालेय दृष्टीने त्याची आणखी एक सोय आहे. रात्रीच्या आकाशदर्शनासाठी मुलामुलींना उशिरापर्यंत थांबवावे लागते, त्यांना घरी पोहोचविण्याची व्यवस्था करावी लागते आणि गावातील दिव्यांचा उजेडही आड येतो. सूर्य मात्र शाळेच्या वेळेत, शाळेच्या पटांगणातून पाहता येतो. यामुळे अनेक विज्ञान मंडळांचे आणि शाळांचे लक्ष सौरदुर्बिणीकडे वळत आहे.

असे उपकरण घेताना दोन धोके संभवतात. अज्ञानाने वापरल्यास पाहणाऱ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. योजनेशिवाय खरेदी केल्यास ते काही दिवसांच्या कुतूहलानंतर कपाटात बंद होते आणि सार्वजनिक पैसा वाया जातो. यास्तव खरेदीचा ठराव करण्यापूर्वी हे उपकरण काय करते, काय करीत नाही आणि त्याच्या मागे कोणती शिस्त हवी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

तत्त्वाचा शोध

सूर्याचा जो तेजस्वी गोल नित्य दिसतो, त्याला दीप्तिगोल म्हणतात. त्याचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सियस असते. त्याच्यावर वायूचा एक विरळ थर आहे, तो वर्णगोल. सूर्याच्या कडेवरून झेपावणाऱ्या ज्वाला या थरातून वर उठलेल्या दिसतात. दीप्तिगोलाच्या झगझगाटात हे सारे लोपून जाते. म्हणूनच एकेकाळी खग्रास ग्रहणाच्या काही मिनिटांतच ज्वालांचे दर्शन होत असे.

ही मर्यादा ओलांडली गेली ती भारतभूमीवर. १८ ऑगस्ट १८६८ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी आजच्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथून खग्रास ग्रहण पाहिले. ज्वालांचा प्रकाश वर्णपटात काही ठळक रेषांच्या रूपानेच येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या रेषांपुरताच प्रकाश निवडला तर ग्रहणाची गरज उरणार नाही, असा विचार करून त्यांनी दुसऱ्याच दिवशी भर उन्हात ज्वालांचे वेध घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे हेच साध्य केले. ज्वालांच्या वर्णपटातील एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम या मूलद्रव्याची कल्पना मांडली गेली.

हा शोध लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः त्या वर्षीचे त्यांचे वेध इंग्लंडमधील होते. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी जेऊर येथून घेतले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनाल येथील सौर वेधशाळेकडे गेली.

दुर्बिणीची रचना

आजची लहान सौरदुर्बीण जान्सेन यांचेच तत्त्व सोप्या रीतीने वापरते. तप्त हायड्रोजन वायू ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश देतो व शोषतो. या रेषेला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. दुर्बिणीतील गाळण्या, म्हणजेच फिल्टर, सूर्याच्या सर्व प्रकाशातून या रेषेभोवतीचा अत्यंत अरुंद पट्टा तेवढा पुढे जाऊ देतात. पट्ट्याची रुंदी साधारणतः एक दशांश नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी असते.

हे काम एटॅलॉन नावाच्या भागाकडे असते. एकमेकींना काटेकोरपणे समांतर बसविलेल्या, अंशतः परावर्तक अशा दोन काचपृष्ठांमध्ये प्रकाश वारंवार परावर्तित होतो आणि ठरावीक तरंगलांब्याच बाहेर पडतात. त्यांपैकी नको असलेल्या तरंगलांब्या दुसरी गाळणी अडविते. उष्णता व अपायकारक किरण अडविण्याची व्यवस्थाही दुर्बिणीत असते. हे सर्व भाग मिळून एक संच होतो. त्यातील एकही भाग काढून दुर्बिणीत पाहणे धोक्याचे आहे.

काही यंत्रांत एटॅलॉन किंचित तिरपा करून, तर काहींत हवेचा दाब बदलून योग्य तरंगलांबी साधली जाते. सतारीच्या तारा जुळवाव्या तशी ही जुळवणी आहे. ती चुकली तर दुर्बीण निर्दोष असूनही केवळ तांबडा, कोरा गोल दिसतो.

काय दिसते, काय दिसत नाही

प्रथम पाहणाऱ्यास छायाचित्रांतील भडक दृश्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तांबड्या पार्श्वभूमीवरील बारकावे ओळखण्यास डोळ्याला काही मिनिटे लागतात. सर्वप्रथम सूर्याच्या कडेकडे पाहावे. तेथे कमानी, झुडपे किंवा धुराचे लोट भासावेत अशा ज्वाला आढळतात. नंतर सूर्यबिंबाच्या आत काळसर तंतू शोधावेत. हे तंतू म्हणजे वरून पाहिलेल्या ज्वालाच होत. मागील तेजस्वी पृष्ठभागामुळे त्या काळ्या दिसतात. डागांच्या आसपासचे उजळ पट्टे आणि क्वचित प्रसंगी काही मिनिटांत चमकून जाणारे उद्रेकही दृष्टीस पडतात.

या दुर्बिणीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिच्यातून रात्री चंद्र वा ग्रह पाहता येत नाहीत. सौर डाग तिच्यात दिसतात; परंतु लहान डागांच्या मोजणीस साध्या दुर्बिणीवरील पांढऱ्या प्रकाशाची गाळणी अधिक उपयोगी पडते. शिवाय सौरदुर्बिणीची किंमत तेवढ्याच आकाराच्या साध्या दुर्बिणीच्या अनेक पट असते.

यामुळे टप्प्याटप्प्याने जाणे शहाणपणाचे ठरते. पहिला टप्पा जवळजवळ बिनखर्चाचा आहे. आरशावर कागद चिकटवून त्यात नाण्यापेक्षा लहान छिद्र ठेवावे आणि परावर्तित किरण अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर पाडावा. १० मीटर अंतरावर सूर्याचे सुमारे ९ सेंटीमीटर व्यासाचे बिंब मिळते. मात्र आरशात डोकावून कोणीही पाहू नये. दुसरा टप्पा म्हणजे साधी लहान दुर्बीण व तिच्या तोंडाशी पक्की बसणारी प्रमाणित सौर गाळणी. हे काम एक वर्ष नियमितपणे चालल्यास तिसरा टप्पा, म्हणजे सौरदुर्बीण, घेण्यास हरकत नाही. ४० ते ६० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण शाळेस पुरेशी आहे.

दृष्टीचे रक्षण

सूर्यप्रकाशाने होणारी इजा फसवी असते. डोळ्याच्या दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसते. त्यामुळे ते भाजत असतानाही पाहणाऱ्यास कळत नाही. दुर्बिणीतून प्रकाश एकवटत असल्याने क्षणभरही पुरेसा होतो. म्हणून पुढील नियमांना अपवाद असू नये.

१. साध्या दुर्बिणीची सौर गाळणी नेहमी पुढच्या बाजूस, पदार्थभिंगाच्या आधी बसवावी. नेत्रिकेला लावायची काळी काच उष्णतेने तडकू शकते. ती वापरू नये.

२. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, तबकड्या किंवा वेल्डिंगच्या अनोळखी काचा दुर्बिणीस लावू नयेत. ग्रहण पाहण्याचे चष्मे घालून दुर्बिणीत पाहणेही तितकेच घातक आहे.

३. मुख्य नळीवरील लहान शोधक दुर्बीण काढून ठेवावी किंवा झाकावी. त्या लहान भिंगानेही डोळा जाऊ शकतो.

४. वापरापूर्वी प्रत्येक वेळी गाळणी तपासावी. ओरखडा, छिद्र किंवा सुटलेला लेप दिसल्यास त्या दिवशी निरीक्षण रद्द करावे. सौरदुर्बिणीच्या काचेवर धूसर थर वा बुरशी आढळल्यास ती जाणकाराकडून तपासून घ्यावी.

५. दुर्बिणीजवळ एक जबाबदार शिक्षक सतत उभा असावा. त्यास दूर जावे लागल्यास दुर्बीण सूर्यापासून वळवून तिचे तोंड झाकावे.

पहिल्या दिवसाची तयारी

उदयपूरची सौर वेधशाळा १९७५ मध्ये फतेहसागर तलावातील बेटावर उभारण्यात आली. पाण्यामुळे सभोवारची जमीन तापत नाही, हवा स्थिर राहते आणि प्रतिमा थरथरत नाही, हा त्यामागील हेतू होता. हाच विचार शाळेनेही करावा. सिमेंटची गच्ची किंवा पत्र्याचे छप्पर टाळून दुर्बीण हिरवळीवर ठेवावी. सूर्य पुरेसा वर आलेला आहे, परंतु जमीन अजून तापलेली नाही, अशी सकाळची वेळ उत्तम. पावसाळ्यानंतरचे, ऑक्टोबरपासूनचे महिने आपल्या राज्यात अनुकूल ठरतात.

सूर्य शोधण्यासाठी नळीच्या बाजूने डोळा लावून पाहू नये. नळीची जमिनीवर पडलेली सावली सर्वांत आखूड झाली की दुर्बीण सूर्याकडे रोखली गेली, असे समजावे. प्रारंभी २० पट विवर्धन ठेवावे, नंतर ४० पटांपर्यंत जावे. त्याहून वाढविल्यास लहान दुर्बिणीत प्रतिमा मोठी पण मंद व अस्पष्ट होते. डोक्यावरून काळे कापड घेतल्यास बाजूचा उजेड अडून बारकावे खुलतात. दुर्बीण स्थिर ठेवली तर सूर्य सुमारे २ मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. जी कड प्रथम दृष्टिक्षेत्राबाहेर जाते ती पश्चिमेची. दिशा ठरविण्याची ही सर्वांत सोपी रीत होय.

वापरानंतर दुर्बीण ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पेटीत ठेवावी. कोकणासारख्या दमट प्रदेशात ही काळजी न घेतल्यास एका पावसाळ्यातही काचांवर बुरशी चढू शकते.

नोंदवहीचे मोल

सूर्य एकदा पाहिल्याने कुतूहल भागते. रोज पाहिल्याने ज्ञान मिळते. जर्मनीतील हाइनरिख श्वाबे हे औषधविक्रेते होते. त्यांनी १८२६ पासून सातत्याने डागांच्या नोंदी ठेवल्या आणि १८४३ मध्ये डागांची संख्या ठरावीक कालावधीने वाढते व घटते, हे दाखवून दिले. आज हे चक्र सुमारे ११ वर्षांचे मानले जाते. कोडाईकनाल येथे १९०४ पासून सूर्यबिंबाची छायाचित्रे घेतली जात आहेत आणि तो संग्रह आजही संशोधकांना उपयोगी पडतो.

शाळेनेही १५ सेंटीमीटर व्यासाची वर्तुळे छापलेली एक नोंदवही करावी. या प्रमाणात पृथ्वी जेमतेम दीड मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी होते. रोज दिनांक, वेळ, आकाशस्थिती, डागांची जागा आणि ज्वालांचा आकार नोंदवावा. काही दिवसांतच डाग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतील. पृथ्वीवरून पाहता सूर्याचे परिवलन सुमारे २७ दिवसांत होते, हे विद्यार्थी स्वतःच पडताळू शकतील. डागांच्या मोजणीसाठी रुडॉल्फ वोल्फ यांची पद्धत सोपी आहे : डागांच्या गटांच्या संख्येस १० ने गुणावे व त्यात एकूण डागांची संख्या मिळवावी. ३ गट आणि १२ डाग असल्यास अंक ४२ येतो.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. डाग नसलेल्या दिवशी शून्य लिहावे. ढगाळ दिवशी जागा मोकळी सोडावी. ‘पाहिले आणि आढळले नाही’ व ‘पाहताच आले नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंदीचा प्रामाणिकपणा याच भेदावर उभा असतो आणि हा धडा विज्ञानापुरता मर्यादित नाही.

या अभ्यासाचा व्यवहाराशीही संबंध आहे. मे २०२४ मध्ये डागांच्या एका प्रचंड गटातील उद्रेकांमुळे तीव्र भूचुंबकीय वादळ झाले आणि लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडी प्रभा दिसली. अशी वादळे उपग्रह, संदेशवहन व वीजपुरवठा यांना बाधक ठरू शकतात. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आदित्य-एल१ हे भारतीय यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून सूर्याचे वेध घेण्यासाठीच पाठविण्यात आले आणि त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे.

एखाद्या पंचायतीसमोर सौरदुर्बिणीचा प्रस्ताव आल्यास किमतीच्या आधी तीन प्रश्न विचारले जावेत. दुर्बिणीजवळ उभा राहणारा शिक्षक कोण, सुरक्षेचे नियम त्याने आत्मसात केले आहेत काय, आणि साध्या साधनांनी केलेल्या वर्षभराच्या नोंदी शाळेकडे आहेत काय. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर ती रक्कम खर्ची घालण्यास हरकत नाही. उत्तरे नसतील, तर छिद्राचा आरसा आणि एक कोरी वही यांनी आरंभ करण्यास कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.