शिडाला पोट कुठून येतं?

कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारा, सपाट कापडाला गोलाई कशी आणता? त्या तुमच्याकडे जरा दयेने बघतील आणि सांगतील: टक्स घ्यायचे, नाहीतर तुकडे वेगळे कापून वाकड्या कडेवर जोडायचे. बोटीचं शीड शिवणारा माणूस नेमकं हेच करतो. आणि माझ्या पीएचडीचा विषयही, नाव कितीही भारदस्त असलं तरी, मुळात हाच आहे: विणलेलं कापड गोलाई असलेल्या साच्यावर बसवताना त्यातले धागे कसे सरकतात. फरक इतकाच की माझं कापड कार्बनचं आहे.

म्हणून आज शिडाबद्दल. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल आणि "प्रयोग कसा बेतायचा" हे पुस्तकात वाचून कंटाळला असाल, तर एक मांजरपाटाचा तुकडा, कात्री आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन बसा. धायरीतल्या आमच्या गच्चीवर मी हेच करतो. खडकवासला इथून जवळ, पण या लेखासाठी पाण्यापर्यंत जायची गरज नाही.

आधी भूमिती. कागद गुंडाळून नळी करता येते, शंकू करता येतो. चेंडूवर मात्र तो चुण्या न पडता बसत नाही. गाउसने १८२७ साली याचं कारण गणितात मांडलं: पृष्ठभाग न ताणता, न फाडता नुसता वाकवला तर त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ती शून्य, चेंडूची शून्य नाही. शिडाला मात्र दोन्ही दिशांनी थोडी गोलाई लागते, कारण वारा त्यावरून वळत गेला पाहिजे. म्हणजे दोनच वाटा उरतात: कापड कापून वक्र कडांनी जोडा, किंवा कापड स्वतःच ताणलं जाऊ द्या. पहिली वाट शिवणाऱ्याच्या हातात असते. दुसरी वाऱ्याच्या हातात, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

किती गोलाई? लहान बोटीच्या शिडात पोटाची खोली रुंदीच्या साधारण दहा टक्के धरतात. समजा शिडाची रुंदी १ मीटर आहे आणि पोट १० सेंटीमीटर हवं आहे. कापड किती जास्त लागेल? पुढे वाचण्याआधी अंदाज करा. मी मित्रांना विचारलं तेव्हा "दहा सेंटीमीटर" हेच उत्तर सगळ्यात जास्त वेळा आलं.

उथळ कमानीसाठी सूत्र सोपं आहे: कंसाची लांबी म्हणजे जीवा गुणिले (१ अधिक ८/३ गुणिले खोली-भागिले-जीवा यांचा वर्ग). आकडे घातले की उत्तर येतं १०२.७ सेंटीमीटर. म्हणजे जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर जादा कापडातून दहा सेंटीमीटरचं पोट तयार होतं. आता हेच उलटं वाचा. दोन्ही टोकं जागच्या जागी बांधलेली आहेत आणि जोराच्या वाऱ्यात कापड फक्त अडीच टक्के ताणलं गेलं. लांबी १०५.२ झाली. पोट? जवळजवळ १४ सेंटीमीटर. अडीच टक्क्यांच्या ताणाने आकार चाळीस टक्क्यांनी बदलला. ज्या वाऱ्यात शीड चपटं हवं, नेमकं त्याच वाऱ्यात ते फुगून बसतं आणि बोट पुढे जायच्या ऐवजी कलंडायला लागते.

हे गणित मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. संशोधनात तुम्ही एक गोष्ट मोजता आणि दुसरीच गोष्ट सांगता, असं सारखं होतं. मोजमापातली छोटी चूक निष्कर्षात किती मोठी होते, हे प्रयोगाआधी कागदावर करून बघायचं असतं. मी ते केलं नव्हतं. तो किस्सा पुढे येतोच.

आता बाटल्या घ्या. मांजरपाटाच्या तीन पट्ट्या कापा, प्रत्येक ५ सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर लांब. एक उभ्या धाग्याच्या, म्हणजे ताण्याच्या दिशेने. दुसरी आडव्या धाग्याच्या, म्हणजे बाण्याच्या दिशेने. तिसरी उरेब, बरोबर ४५ अंशात. प्रत्येकीच्या मधोमध बॉलपेनने ३ सेंटीमीटरचा चौकोन काढा, पण बाजू धाग्यांना समांतर ठेवा. म्हणजे उरेब पट्टीवर तो पतंगासारखा उभा दिसेल. वरचं टोक दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट आवळा, खालच्या टोकाला एक लिटर पाण्याची बाटली लटकवा, मग दुसरी.

सरळ पट्ट्यांत फारसं काही होणार नाही. उरेब पट्टी मात्र लांबेल, मध्ये बारीक होईल आणि तुमचा चौकोन तिरका होऊन समभुज चौकोन बनेल. त्याच्या बाजू मोजा. लांबी जवळपास तेवढीच असेल, बदलला तो कोन. म्हणजे धागे ताणले गेलेच नाहीत, ते एकमेकांवर फिरले. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी का लावतात हे इथे हातात कळतं: ती वळणावर मुकाट्याने बसते. आणि शिडाची मागची मोकळी कड उरेबात का येऊ द्यायची नाही, तेही इथेच कळतं. त्या कडेला आधार द्यायला डोलकाठी नसते, सगळा ताण कापडावर असतो. म्हणून साध्या शिडात कापडाचे पट्टे त्या कडेला काटकोनात मांडतात, जेणेकरून बाण्याचे धागे कडेला समांतर येतील. याच कारणाने अशा मांडणीसाठीच्या शिडाच्या कापडात बाणा जास्त सरळ आणि मजबूत ठेवतात, वरखाली होण्याचं काम ताण्याला करायला लावतात. वाकडातिकडा धागा आधी सरळ होतो, मगच ताण घेतो. ते सरळ होणं म्हणजे फुकटची लांबी, आणि फुकटची लांबी म्हणजे पोट.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी हीच उरेब चाचणी कार्बनच्या कापडावर केली. कापड महाग, म्हणून काटकसर: १० सेंटीमीटर रुंद आणि पकडींच्या मध्ये जेमतेम ८ सेंटीमीटर लांब तुकडे. यंत्र चांगलं होतं, आकडे सुंदर येत होते, पुन्हा पुन्हा तेच येत होते. चार महिन्यांनी मी आलेख घेऊन गाईड मॅडमकडे गेलो. कापड अपेक्षेपेक्षा कितीतरी ताठ आहे, असा माझा शोध होता. मॅडमनी आलेखाकडे बघितलंच नाही. तुकडा हातात दिला आणि म्हणाल्या, "यातला एक धागा बोटाने धर आणि मला दाखव तो कुठून कुठे जातो."

मी बोट फिरवलं. धागा वरच्या पकडीतून निघाला आणि थेट खालच्या पकडीत गेला. ४५ अंशात जाणारा धागा जेवढा खाली उतरतो तेवढाच बाजूला सरकतो. लांबी रुंदीपेक्षा कमी असली की कित्येक धागे दोन्ही टोकांना पकडले जातात. मी कापडाचं सरकणं मोजतच नव्हतो, कार्बनच्या धाग्याची ताकद मोजत होतो. लांबी रुंदीच्या किमान दुप्पट लागते, तेव्हाच मधोमध असा एक भाग मिळतो की ज्यातला कुठलाच धागा कुठल्याच पकडीत नसतो. चौकोन मधोमध काढायला सांगितला तो यासाठी. हा नियम कापडाच्या यांत्रिकीवरच्या शोधनिबंधांत लिहिलेला होता, मी वाचलाही होता. पुन्हा पुन्हा तोच आकडा येणं आणि आकडा बरोबर असणं यात फरक आहे, हे मात्र मी वाचलं नव्हतं. किंवा वाचलं असेल, चार महिने गेले नव्हते तोवर.

(तुमची पट्टी ५ बाय ३० आहे. निर्धास्त राहा.)

जरा दम घेऊन कापडाकडे येऊ. पॉलिस्टर १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलं. त्याआधी शिडं म्हणजे मुख्यतः सुती किंवा जवसाच्या धाग्याचं कापड. यात आपलंही एक नाव आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशात "डोंगरी कापड" सापडतं: मुंबईतल्या डोंगरी किल्ल्याच्या आसपास विकलं जाणारं जाडंभरडं देशी कापड. इंग्रजीतला "डंगरी" हा शब्द तिथूनच गेला, आणि त्या कापडाचे तंबू होत, शिडंही होत. पुढे खलाशांचे कपडे, मग बालवाडीतल्या पोरांचे.

आणि मुंबईचीच एक बोट. "सुहेली" १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून जून १९६८ मध्ये निघाले आणि एप्रिल १९६९ मध्ये, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले ठरले. वाटेत शिडं शिवण्यात त्यांचे कितीतरी तास गेले. एकदा शिवता शिवता स्वतःची मिशीच शिडाला टाचली गेली, हा किस्सा त्यांनीच सांगितलाय. गोव्यात बांधलेल्या "म्हादेई"वरून दिलीप दोंदे (२००९-१०) आणि मग न थांबता अभिलाष टॉमी (२०१२-१३) गेले. अशा प्रवासात सुई-दोरा हा बोटीच्या सामानाचाच भाग असतो, कारण शिवण उसवली तर जवळचं दुकान दोन हजार किलोमीटरवर असतं.

शिवण उसवण्यावरूनच माझा सध्याचा छंद-प्रयोग सुरू झाला. मांडव्याला एका मित्राची छोटी शिडाची बोट आहे, तिचं आच्छादन मी आईच्या मशीनवर शिवलं. जाड ताडपत्री, १८ नंबरची सुई, आणि घरात होतं ते रीळ. एका पावसाळ्यानंतर मित्राने फोटो पाठवला: कापड ठणठणीत, शिवण सगळी उघडी. पोस्टाच्या तिकिटांसारखी भोकांची रांग तेवढी शिल्लक.

मी लगेच निदान केलं: ऊन. पॉलिस्टरचा दोरा उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतो, हे खरंच आहे. कडक कापडात तर टाका रुतत नाही, वर उघडा राहतो, म्हणून कापडाआधी तोच जातो. पण माझं रीळ पॉलिस्टरचं होतं की सुती, हे मला आठवत नव्हतं. सुती असेल तर ओलीने कुजला असेल. शिवाय सरळ टाका घातला होता. झिगझॅग टाक्यात दोऱ्याची थोडी जादा लांबी असते, कापड ताणलं की तो उघडतो. सरळ टाका तुटतो. आणि वाऱ्यात आच्छादन बोटीच्या कडेवर घासत होतंच. चार कारणं, एक फोटो. यातून काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून आता गच्चीवर पट्ट्या टांगल्यात. एकच ताडपत्री, एकच सुई, टाक्याची लांबी तीच. दोन दोरे: पॉलिस्टर आणि सुती. दोन टाके: सरळ आणि झिगझॅग. तीन जागा: उघड्यावर, वर अपारदर्शक पत्रा लावलेली पण रोज सकाळी बादलीने भिजवलेली, आणि घरात कपाटात. तिसरी जागा बहिणीला निरर्थक वाटते, "कपाटात काय होणार?" म्हणते. कपाटात काहीच होणार नाही, अशी माझीही अपेक्षा आहे, आणि म्हणूनच ती तिथे आहे. बारा प्रकार, प्रत्येकाच्या पाच पट्ट्या, एकूण साठ. घासण्याचं कारण या मांडणीत येतच नाही, ते मी मुद्दाम सोडलंय. सगळं एकदम तपासायला गेलो तर पुन्हा मागचाच घोळ.

करून बघणार असाल तर दोन गोष्टी. प्रत्येक पट्टीवर क्रमांक लिहा, पण पेनने नको, पेन उन्हात उडतं. कोपऱ्यात खाचा कापा. आणि ताकद मोजताना कुठली पट्टी कुठली हे मोजणाऱ्याला सांगू नका. आमच्याकडे बादली बांधून त्यात मग्ग्याने पाणी ओतायचं काम बहिणीकडे आहे, क्रमांकांची वही माझ्याकडे. दिवाळीनंतर मोजू.